आजच्या पाठीसाठी बेतलेला कोट

परदेशी असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे थंडीच्या दिवसांत जाण्याचे ठरले, की तिकीट, विमा आणि औषधांची यादी यांच्यापाठोपाठ कोटाचा प्रश्न उभा राहतो. शिकागो, टोरांटो किंवा लंडन येथील दुकानांत कोटांची वाण नसते. परंतु पंचाहत्तरीच्या घरातील, पाच फूट उंचीच्या मराठी बाईला किंवा खांद्यांत वाकलेल्या गृहस्थांना त्यांतला एकही नीट बसत नाही. बाह्या बोटांच्या टोकांपलीकडे जातात, खांदे दंडावर उतरतात, मागची कड वर चढते आणि पुढची कड खाली लोंबते. मग घरातील कुणीतरी मागे उभे राहून हात बाहीत कोंबतो आणि ‘चालेल आता’ असे म्हणतो. कोट अंगावर चढतो खरा, पण ते माणूस त्या दिवसापासून कोट घालून देण्यासाठी कुणाची तरी वाट पाहू लागते. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे, दुपारच्या उन्हात पाच मिनिटे फिरून येणे, या गोष्टी नकळत कमी होत जातात.

लोकरी कापडाचा, आतून अस्तर लावलेला कोट घरी शिवता येतो, आणि तो जुन्या कागदी पॅटर्नवरून शिवला तर अधिक चांगला होतो, असे माझे मत आहे. ज्या हातांनी एकेकाळी झबली, परकर, पोलकी आणि शाळेचे गणवेश शिवले, त्या हातांना हे काम परके नाही, फक्त लांबलचक आहे. नव्याने मशिनवर बसणाऱ्याने मात्र कोटापासून आरंभ करू नये. ज्यांचे डोळे किंवा बोटे आता पूर्वीसारखी साथ देत नाहीत, त्यांनी मोजण्याचे व बेतण्याचे काम स्वतःकडे ठेवून टिपा घालण्याचे काम लेकीकडे, सुनेकडे किंवा गल्लीतल्या शिंप्याकडे सोपवावे. शिंप्याला कोट उत्तम येतो. वाकलेली पाठ मात्र त्याला कुणीतरी दाखवावी लागते.

पाकिटावरचे चित्र

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्टर्लिंग या गावी, एबेनेझर ब्युटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकावयास काढले. त्यापूर्वी मासिकांतून येणारे पॅटर्न बहुधा एकाच मापाचे असत आणि ते आपल्या अंगाला जुळवून घेणे ज्याचे त्याने पाहावे, अशी रीत होती. पुढे मॅकॉल, व्होग, सिम्प्लिसिटी या नावांची पाकिटे घरोघरी गेली. जर्मनीत १९५० पासून ‘बुर्डा’चे मासिक निघू लागले. ही जुनी पाकिटे त्या देशांतील जुन्या वस्तूंच्या दुकानांत आजही मिळतात. व्होग आणि ब्युटरिक यांनी तर आपले काही जुने नमुने पुन्हा छापलेही आहेत. तिकडे राहणाऱ्या लेकीला ‘येताना साबण-चॉकलेटे नकोत, एवढे पाकीट आण’ असे सांगण्यास हरकत नाही.

जुने पॅटर्न मला पसंत आहेत ते अशासाठी, की ते जाड लोकर आणि हातशिलाई गृहीत धरून आखलेले असतात. कॉलरच्या पोटातील कॅनव्हास, खिशाची पट्टी, अस्तराची जोडणी यांना त्यांत पुरेशी जागा दिलेली असते. परंतु कोणत्या दशकाचा पॅटर्न घ्यावा, हे पाहून घ्यावे. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळत आणि बाईच्या अस्तराच्या एका लांब कोटाला त्यांतील १४ खर्ची पडत. पुढे चुण्या आणि बटणांच्या संख्येवरही बंधने आली. युद्धकाळातील कोट म्हणून अंगासरसे, कमी घेराचे आणि खांद्याला चौकोनी असतात. चित्रात ते रुबाबदार दिसतात. बाक आलेल्या पाठीवर मात्र ते चिलखतासारखे बसतात. हे रेशनिंग मार्च १९४९ मध्ये उठले. त्यानंतरच्या दशकात खांद्यापासून खाली मोकळे सुटणारे, पाठीला सैल आणि रुंद बाहीचे कोट पुष्कळ आले. वयस्कर माणसासाठी पॅटर्न निवडायचा तर या दुसऱ्या तऱ्हेचा निवडावा.

त्यातही रॅगलन बाही मिळाली तर उत्तम. या बाहीची शिवण खांद्याच्या टोकावर न येता गळ्यापासून तिरपी काखेपर्यंत उतरते. लॉर्ड रॅगलन या इंग्रज सेनानीचे नाव तिला मिळाले आहे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत त्यांचा उजवा हात गेला होता आणि त्यांना अंगरखा सोयीने घालता यावा म्हणून ही बाही निघाली, असे सांगतात. कथेतील खरे-खोटे काही असो. ज्यांचा खांदा आखडला आहे, त्यांना या बाहीचा फायदा निश्चित होतो. मधुमेहींत खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते, हे आपणांस ठाऊक असेलच. रॅगलन बाहीत खांद्याची शिवण खांद्यावर नेमकी बसली पाहिजे असे बंधन नसते; एक खांदा उतरलेला असला तरी तो उघडा पडत नाही.

पाकिटावरील मापाच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी पॅटर्न कंपन्यांनी मापांचे आकडे बदलले, त्यामुळे तेव्हाचा १४ आणि आताचा १४ एक नव्हेत. पाकिटावर छातीचे माप इंचांत छापलेले असते, तेवढेच खरे मानावे. अमेरिकी पॅटर्नांत शिवणीसाठीची जागा बहुधा धरलेली असते, साधारण दीड सेंटिमीटर. ‘बुर्डा’च्या मासिकातील पॅटर्नांत ती स्वतः सोडावी लागते. आपल्याकडे या सोडलेल्या जागेला ‘माया’ म्हणतात. कोटाला ती सढळ हाताने, बगलेच्या शिवणींना तर दोन ते अडीच सेंटिमीटर सोडावी, कारण वजन वाढणे आणि उतरणे या वयात औषधांवरही अवलंबून असते.

पॅटर्नचा कागद पातळ आणि ठिसूळ असतो. अगदी जुन्या पॅटर्नांवर तर छपाईसुद्धा नसते. केवळ लहानमोठ्या छिद्रांनी खुणा केलेल्या असतात. त्यावर कोमट, कोरडी इस्त्री फिरवून तो खाकी कागदावर उतरवून घ्यावा आणि कात्री त्या खाकी कागदालाच लावावी.

टेप आणि पाठ

पाकिटावरची बाई ताठ उभी असते. तिची मान खांद्यांच्या बरोबर वर असते, खांदे मागे असतात आणि वय पंचविशीच्या पुढचे नसते. पॅटर्न तिच्या अंगाचा आहे. वाढत्या वयात मणक्यांची उंची कमी होते, पाठीला बाक येतो, मान पुढे झुकते आणि खांदेही पुढे येतात. परिणामी पाठीची लांबी वाढते, छातीची लांबी कमी होते. तयार कोट मागे वर चढतो आणि पुढे लोंबतो, तो यामुळे. कोट एक नंबर मोठा घेऊन हा दोष जात नाही. घेर वाढतो, बाह्या आणखी लांबतात आणि मागची कड जिथल्या तिथे राहते.

मापे घेताना ज्या कपड्यांवर कोट घालायचा ते सर्व कपडे अंगावर असावेत. आतील उबदार गंजी, स्वेटर, साडी असेल तर साडीच. निऱ्यांचा जाडपणा पुढे कोटाची पाखे फाकवतो, हे दुकानातल्या कोटाला कुठून माहीत असणार! साडीवर घालावयाच्या कोटाचा पुढचा एकावर एक येणारा भाग सहा-सात सेंटिमीटर तरी अधिक ठेवावा.

कमरेला एक नाडी सैलसर बांधावी. डोके पुढे झुकवल्यावर मानेच्या बुडाशी एक ठळक हाड हाताला लागते. तेथून पाठीच्या बाकावरून टेप नेत नाडीपर्यंत मोजावे. टेप पाठीला चिकटून जावा, बाकाखालच्या पोकळीवरून ताणलेला नसावा. मग खांदा आणि मान जेथे मिळतात तेथून छातीवरून पुढे नाडीपर्यंत. बाहीचे माप कोपर किंचित वाकवून घ्यावे आणि दोन्ही हातांचे वेगवेगळे घ्यावे. दोन्ही खांदेही वेगवेगळे मोजावेत. पक्षाघातानंतर एक खांदा बहुधा खाली उतरलेला असतो. मोजताना माणसाला ‘ताठ उभे राहा’ असे सांगू नये. ते नेहमी जसे उभे राहतात, तसेच राहू द्यावे. आणि ‘किती वाकलात हो’ हे उद्गार मनातल्या मनात ठेवावेत.

या टेपचा आणखी एक उपयोग आहे. कोटाच्या निमित्ताने उंचीही भिंतीला लावून मोजावी. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ती चार सेंटिमीटरहून अधिक कमी झालेली आढळली, किंवा बाक अलीकडच्या काही महिन्यांत एकदम वाढलेला दिसला, तर हाडांच्या ठिसूळपणाविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. मणक्याचे काही अस्थिभंग फारशा वेदनेवाचून होतात आणि ‘वयोमानाने वाकले’ म्हणून सोडून दिले जातात.

आता कागदावरची दुरुस्ती. पाठीच्या भागावर, बाक सर्वांत अधिक जेथे आहे त्या पातळीवर, मध्यरेषेपासून मुंढ्याच्या दिशेने आडवी चीर द्यावी. मुंढ्याच्या कडेला केसभर कागद जोडलेला राहू द्यावा. वरचा भाग मध्यरेषेपाशी उचलून फट उघडावी आणि तीत कागद चिकटवावा. फट किती, तर आपले पाठीचे माप पॅटर्नपेक्षा जितके अधिक असेल तितकी. बहुतेकांना दीड ते अडीच सेंटिमीटर पुरतात. असे केल्यावर गळ्याकडे मध्यरेषा आत कलते. ती पट्टीने सरळ आखून घ्यावी आणि त्यामुळे गळ्याला आलेली वाढीव रुंदी गळ्यातून निघणाऱ्या दोन लहान टक्सांत जिरवावी. हे टक्स कॉलरखाली दडतात. पुढच्या भागावर याच्या उलट करावे: छातीच्या वरच्या बाजूस कागदाला एक आडवी घडी घालून लांबी कमी करावी. खांदे पुढे आले असतील तर खांद्याची शिवण अर्धा ते एक सेंटिमीटर पुढे सरकवावी. अस्तराचा कागदही याच मापांनी सुधारावा लागतो. तो विसरला, तर वरचा कोट मोकळा आणि आतून पाठ आवळलेली, अशी स्थिती होते.

यानंतर थेट लोकरीला कात्री लावू नये. आधी मांजरपाटाचा कच्चा कोट शिवावा, मोठ्या टिपांचा, कॉलर आणि अस्तराशिवाय. तो घालून ज्यांचा कोट आहे त्यांनी खुर्चीत बसावे, उठावे, बसच्या दांड्याला धरल्यासारखा हात वर करावा, बुटाच्या बंदापर्यंत वाकावे, काठी घेऊन खोलीत दोन फेऱ्या माराव्यात. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांनी बसूनच पाहावे. त्यांच्या कोटाचा मागचा भाग आसनापाशी संपलेला बरा, नाहीतर त्याचा गोळा पाठीखाली रुततो. शेवटी कुणाच्याही मदतीशिवाय तो कच्चा कोट काढून पुन्हा घालावा. जेथे हात अडतो तेथे खडूने खूण करावी. माझ्या मते या एका दुपारी कोटाचे भवितव्य ठरते; पुढचे सारे काम सवयीचे आहे. लांबी गुडघ्याच्या थोडी खाली असावी. घोट्यापर्यंतचा कोट जिन्यावर पायात येतो.

लोकर

लोकरीचे तंतू नागमोडी असतात. त्यांच्यामध्ये हवा कोंडून राहते आणि ती स्थिर हवाच ऊब टिकवते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही स्पर्शाला ओली लागत नाही, आणि सहजासहजी पेटतही नाही. वयस्कर शरीराला या गुणांची गरज तरुणांपेक्षा अधिक असते. त्वचेखालची चरबी विरळ झालेली असते, कुडकुडण्याची क्रिया मंदावलेली असते आणि पुष्कळदा थंडी वाजत आहे हेच उशिरा कळते. शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले तर ती तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. बोलणे अडखळणे, गुंगी येणे, गोंधळल्यासारखे वागणे ही तिची लक्षणे होत. कुडकुडणे दिसेलच असे नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाबही वाढतो. अर्थात कोट एकटा पुरत नाही, कानटोपी आणि हातमोजे हवेतच.

कापड घेताना जाडीच्या मोहात पडू नये. चौरस मीटरला ३५० ते ४५० ग्रॅम वजनाचे कापड पुरे होते. ६०० ग्रॅमच्या वरचे कापड ऊब देते, पण तो भार दिवसभर मानेवर आणि झिजलेल्या मणक्यांवर राहतो. तयार कोट दीड किलोच्या आसपास असावा, असा माझा आग्रह असतो. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर कापड आणि अस्तर आधीच तोलून पाहता येते. १४० ते १५० सेंटिमीटर पन्ह्याचे कापड असेल तर गुडघ्याखाली येणाऱ्या सैल कोटाला अडीच ते साडेतीन मीटर लागते. नवे कापडच घेतले पाहिजे असेही नाही. पुष्कळ घरांतील ट्रंकांत १८७६ साली निघालेल्या कानपूरच्या ‘लाल इमली’चे किंवा पंजाबातील धारीवालच्या गिरणीचे लोकरी कापड, ब्लँकेट किंवा वडिलांचा जुना ओव्हरकोट असतो. तो उसवून, कापड उलटे करून, आतली न विटलेली बाजू वर आणून पुन्हा शिवण्याची रीत विलायतेत फार जुनी आहे. असे कापड उजेडासमोर धरून कसरीची भोके पाहून घ्यावीत.

कापण्याआधी लोकर आटवून घ्यावी. स्वच्छ सुती चादर भिजवून पिळावी, तीत कापड गुंडाळून रात्रभर ठेवावे, सकाळी सपाट पसरून सावलीत वाळवावे आणि मग ओलसर फडक्यावरून वाफेची इस्त्री करावी. इस्त्री घासू नये. टेकवावी, उचलावी, पुढे टेकवावी. ओल, उष्णता आणि घर्षण ही तिन्ही एकत्र आली की लोकरीचा नमदा होतो. कापताना कापडावरचा लव सर्व तुकड्यांवर एकाच दिशेने खाली जाईल, असे तुकडे मांडावेत.

अस्तराचे काम

लोकरीला लोकर धरते. स्वेटर घातलेला हात अस्तर नसलेल्या लोकरी बाहीत घालून पाहावा, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते ध्यानात येईल. आतील बाही कोपरापर्यंत वर सरकते, बोटे अडकतात, खांदा मागे ओढावा लागतो. तरुण माणूस झटका देऊन हे निभावतो. संधिवाताच्या किंवा आखडलेल्या खांद्याला तो झटका झेपत नाही. गुळगुळीत अस्तर असले की हात आपल्याच वजनाने बाहीतून खाली उतरतो. स्वतःचा कोट स्वतः घालता येणे हे निम्म्याहून अधिक अस्तरावर ठरते, म्हणून लोकरीत काटकसर केली तरी चालेल, अस्तरात करू नये.

रेयॉन किंवा व्हिस्कोसचे दाट विणीचे अस्तर चांगले. पॉलिएस्टर स्वस्त आणि टिकाऊ असते, पण त्यात घाम कोंडतो, कोरड्या हवेत वीज साचून ते साडीला चिकटते आणि शेगडीजवळ वितळते. निदान बाह्यांना तरी ते वापरू नये. रंगाविषयी एक सूचना आहे. कोट गडद असेल तर अस्तर स्पष्ट फिके घ्यावे. ज्यांची दृष्टी अधू आहे किंवा ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, त्यांना आत कोणते आणि बाहेर कोणते हे एका नजरेत कळते. वरची व आतली बाजू एकाच काळ्या रंगाची असलेला कोट उलटा घालून खजील झालेली वडीलधारी माणसे आपल्याही पाहण्यात असतील.

अस्तर कोटापेक्षा किंचित मोठे कापावे. पाठीच्या मध्यावर गळ्यापासून खाली अडीच सेंटिमीटरची एक उभी चुणी सोडावी. हात पुढे केला की ती उघडते. ही चुणी नसली तर अस्तर मुंढ्यापाशी हमखास उसवते. जुन्या पॅटर्नांत पुष्कळदा अस्तराची खालची कड मोकळी ठेवून बगलेपाशी दोऱ्याच्या साखळीने अडकवायला सांगितलेले असते. कोटाचा झोक त्याने सुंदर राहतो. तरीही वयस्कर व्यक्तीच्या कोटाला ती कड कोटाच्या दुमडीवर हाताने शिवून बंद करावी, म्हणजे काठीचे टोक किंवा बुटाची टाच त्यात अडकणार नाही. बाहीच्या तोंडाशीही अस्तर पक्के शिवावे. तेथे एक टाका सुटला तर आत शिरणारी बोटे अस्तर आणि लोकर यांच्या मधल्या खिंडीत जातात, आणि गोंधळलेल्या माणसाला हात कुठे अडकला हे उमगत नाही. जोडताना अस्तरात थोडी ढील ठेवावी. ताणलेले अस्तर कोटाची कड आतून ओढते.

खिसे पॅटर्नमध्ये दाखवले असतील तेथेच ठेवण्याची गरज नाही. कोपर वाकवून हात सहज जेथे जातो तेथे, थोडे तिरपे असावेत. आत डाव्या बाजूस एक सपाट खिसा अस्तरावर शिवून त्यात नाव, घरचा पत्ता, फोन आणि चालू औषधे लिहिलेला कागद ठेवावा.

बटणे मोठी, अडीच-तीन सेंटिमीटरची निवडावीत. बटण कापडाला घट्ट न शिवता खाली दोऱ्याची उंच मान ठेवावी आणि आतल्या बाजूस एक लहान बटण आधाराला लावावे. थरथरत्या बोटांना उंच मानेचे बटण धरता येते. तेही जमत नसेल तर वर शोभेपुरती बटणे शिवून आत चिकटपट्टी लावावी. अलीकडे चुंबकाची बटणे मिळतात. परंतु ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांच्या कोटाला ती लावू नयेत. चुंबक त्या यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर दूर असावा लागतो, आणि कोटाची वरची दोन-तीन बटणे नेमकी छातीवरच येतात.

शिवणाऱ्याने स्वतःकडे पाहावे

साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील डोळ्याच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. गडद लोकरीवर गडद दोरा रात्री शिवणे म्हणूनच टाळावे. सकाळी दहा ते बारा, खिडकीपाशी, प्रकाश डाव्या खांद्यावरून येईल असे बसावे, डावखुऱ्यांनी उजव्या. कच्ची शिलाई पांढऱ्या किंवा पिवळ्या दोऱ्याने घालावी. सुईत दोरा ओवण्याची तारेची चकती दहा-वीस रुपयांत मिळते. तिचा कमीपणा वाटून घेऊ नये.

जमिनीवर कापड पसरून बेतण्याची आपली जुनी सवय आता सोडावी. उकिडवे बसून तासभर कापल्यावर एकदम उठले की चक्कर येते, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना. जेवणाचे टेबल वापरावे, ते ठेंगणे असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे द्यावेत. दोन पदरी लोकर कापायला अंगठ्याच्या बुडाशी फार जोर लागतो. सांधे दुखत असतील तर एकेक पदर कापावा किंवा कात्री घरातील तरुण हाती द्यावी. अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाणी पिऊन यावे.

टाचण्या मोजून काढाव्यात आणि मोजून परत ठेवाव्यात. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाच्या तळव्यात टाचणी शिरून दोन-दोन दिवस कळत नाही. शिवणाच्या खोलीत सर्वांनीच चपला घालाव्यात.

कॉलर आणि पाख्यांच्या आत कॅनव्हास बसवण्यासाठी जुन्या पॅटर्नांत शेकडो तिरप्या हातटाक्यांची कृती दिलेली असते. बोटे चांगली असतील आणि त्यात मन रमत असेल तर रोज वीतभर भाग करावा. दोन आठवड्यांत होतो. एरवी इस्त्रीने चिकटणारा कॅनव्हास वापरावा. त्याला कमी प्रतीचा मानणारे लोक आहेत. मी त्यांच्यातली नाही. कॉलरची गळ्याला लागणारी बाजू मात्र मखमलीची किंवा मऊ सुती कापडाची करावी, कारण वयाबरोबर त्वचा कोरडी होते आणि लोकर तेथे टोचते.

कोट तयार झाल्यावर

पक्षाघात झालेल्या व्यक्तीला कोट घालताना आधी दुबळ्या बाजूचा हात बाहीत घालावा, मग सशक्त बाजूचा. काढताना आधी सशक्त हात बाहेर, दुबळा शेवटी. घरात काळजी घेणारे एकाहून अधिक असतील तर हा क्रम सर्वांना सांगून ठेवावा. ज्यांना स्वतः घालता येतो, त्यांना वेळ लागला तरी घालू द्यावा. विमानतळावर निघताना घाई होते, हे खरे. त्यासाठी दहा मिनिटे आधी सुरुवात करावी. ब्लँकेटसारखा गुंडाळून बॅगेत कोंबल्यास खांद्यांचा आकार जातो, म्हणून कोट हातावर किंवा अंगावरच न्यावा.

परत आल्यावर कोट घासून, उन्हाची तिरीप दाखवून, रुंद खांद्याच्या हँगरवर सुती पिशवीत ठेवावा. डांबरगोळ्या ठेवल्याच तर त्या पुरचुंडीत बांधाव्यात. विस्मरणाचा आजार असलेले माणूस किंवा लहान मूल त्यांना खडीसाखर समजू शकते. अशा घरात त्या न ठेवलेल्याच बऱ्या, आणि ठेवल्या असतील तर पुढच्या हिवाळ्यात कोट दोन दिवस वाऱ्यावर टांगल्याशिवाय अंगावर घालू नये. उरलेले लोकरीचे तुकडे, एक जादा बटण आणि अस्तराची पट्टी खाकी कागदाच्या पॅटर्नसोबत पाकिटात घालावी. पाकिटावर नाव, तारीख, उंची आणि पाठीचे माप लिहावे. दोन वर्षांनी माया सोडवण्यापूर्वी पुन्हा मोजताना ते लागते.